मोठी गाठ साधी, लहान गाठीला सुई

गणपतीत वहिनीने विचारलं, "गो, पाणी गिळतस तेवा गळ्यात ह्यां काय वर-खाली होता?" वेंगुर्ल्याचं आमचं घर माणसांनी भरलेलं, म्हणून विसर्जनापर्यंत गप्प राहिले. रात्री हात मात्र गळ्यावरच.

टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, नॉर्मल आली. पहिल्या सोनोग्राफीच्या रिपोर्टात एवढंच: थायरॉइडमध्ये दोन गाठी, मोठी २.२ सेंमी. दिसायला कशा आहेत, एक अक्षर नाही. मोठी तीच वाईट, असं मी धरून बसले. आठ दिवस घास उतरला नाही. अशा अर्धवट रिपोर्टाचा मला अजून राग येतो.

मग कुडाळला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. खांद्यांखाली उशी, मान मागे, गळ्यावर थंडगार जेली. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. उजवीकडची ती मोठी गाठ आत सगळी बारीक पोकळ्यांची, घावनाला जाळी पडते तशी. गाठ कशी दिसते त्यावर गुण देतात, जास्त गुण म्हणजे जास्त संशय. तिला शून्य गुण, सुईने तपासायची गरज नाही. डावीकडची १.६ सेंमीची. भरीव म्हणून २ गुण, आजूबाजूच्या ग्रंथीपेक्षा काळसर म्हणून आणखी २. मग त्या बराच वेळ बघत राहिल्या: गाठ रुंदीपेक्षा उभी जास्त वाढलीय का, कडा वेड्यावाकड्या आहेत का, आत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके आहेत का. यातलं काही नव्हतं. एकूण ४ गुण, म्हणजे टायरॅड्स या गुणांच्या पद्धतीत गट ४. या गटात गाठ दीड सेंमी किंवा त्याहून मोठी असली की सुईने तपासतात. मानेच्या दोन्ही बाजूंच्या लसीका ग्रंथीही त्यांनी पाहिल्या, त्या ठीक होत्या.

"म्हणजे कॅन्सर?" माझा आवाज फुटेना.

"तसं नाही हो. थायरॉइडच्या बहुतेक गाठी साध्याच निघतात. पण ही बघून घेऊ या."

या तपासणीला एफएनएसी म्हणतात, सुईने गाठीतल्या पेशी काढून बघतात. सुई अगदी बारीक. सोनोग्राफीत बघत बघतच टोचली. "आता गिळू नका, बोलू नका," एवढंच सांगितलं. टोचण्यापेक्षा थुंकी न गिळता थांबणं कठीण गेलं. पाच दिवसांनी रिपोर्ट आला: बेथेस्डा २, म्हणजे पेशींच्या तपासणीत कॅन्सर नसलेली, साधी गाठ. फोनवर वहिनीच आधी रडली.

वर्षाने पुन्हा सोनोग्राफी आहे. दोन्ही गाठींची लांबी, रुंदी, जाडी या वेळी नीट लिहून दिलीय, म्हणजे वाढ झाली तर कळेल. गणपतीच्या आधीच कुडाळला जाऊन येणार, वहिनीला घेऊन.