‘सापडत नाही’ हे लेखी घ्या : गायरानाच्या केसमधला माझा अनुभव

आमच्या गावच्या गायरानाचा तुकडा एकाने रीतसर खरेदीखत करून विकला आणि तिथे पत्र्याचं कुंपण उभं राहिलं. ग्रामसभेचा ठराव, वर्गणी, वकील, हायकोर्टात जनहित याचिका, हे सगळं मार्गी लागलं. अडलो एका कागदावर.

विकणाऱ्याच्या आजोबांचं नाव सातबाऱ्यावर एका जुन्या फेरफाराने, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीने, चढलं होतं. त्यात लिहिलेलं एवढंच, ‘मा. कलेक्टरसाहेब यांचे हुकुमावरून’. वकीलसाहेब म्हणाले, ‘गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं हटवा, असा सुप्रीम कोर्टाचा जगपाल सिंग प्रकरणातला 2011 चा निकाल आहेच. पण मूळ हुकूम नसेल तर समोरचा म्हणणार, जमीन आम्हाला कायमची दिलेली.’

नकलेचा अर्ज दिला, कोर्ट फी स्टॅम्प लावला. अभिलेख कक्षात दर वेळी एकच उत्तर, ‘गठ्ठा सापडत नाही, पुढच्या आठवड्यात या.’ माहिती अधिकारात अर्ज टाकला, तर 30 दिवसांची मुदत संपता संपता पत्र आलं, ‘सदर संचिका आढळून येत नाही.’ अजून आठवलं की संताप होतो. जमीन सरकारची, हुकूम सरकारचा, दप्तरही सरकारचंच, आणि ते सांभाळायला कोणीच बांधील नाही?

पण त्या पत्रावर सही-शिक्का होता. तेच जोडून पहिलं अपील केलं आणि स्पष्ट लिहिलं, की अभिलेख गहाळ असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 खाली जबाबदारी ठरवून गुन्हा नोंदवा. या कायद्यात 5 वर्षांपर्यंत कैद आहे. सुनावणीआधीच फोन आला, गठ्ठा मिळाला.

हुकूम वाचला आणि जीव भांड्यात पडला. जमीन एकसाली लागवडीने दिलेली होती, म्हणजे फक्त वर्षापुरती. मालकी दिलेलीच नव्हती, मग विकली काय? कोर्टाने ‘जैसे थे’चा आदेश दिला, अंतिम सुनावणी बाकी आहे.

म्हणून तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका, प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. हो, आणि हस्तलिखित सातबारे मागा, जुन्या नोंदींचा माग तिथेच लागतो. तुमची जमीन गायरान नसून सरकारने वाटप केलेली असेल, तर तलाठ्याकडे गाव नमुना 1-क, म्हणजे अशा जमिनींची नोंदवही, बघा. भोगवटादार वर्ग-2 ची, म्हणजे सरकारने अटींवर दिलेली, जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही. आणि कोर्टात खरी नक्कलच, म्हणजे कार्यालयाने सही-शिक्का मारून दिलेली प्रत, लावा. आमच्या साध्या झेरॉक्सवर समोरच्या वकिलाने पहिल्याच तारखेला हरकत घेतली होती.