पुढचं सुधारायचं तर मागचं बिघडवा

ग्रान टुरिस्मो ७ हा प्लेस्टेशनवरचा गाड्यांच्या रेसचा गेम सुरू केला की तो तुम्हाला पहिली गाडी म्हणून काय देतो, तर हॅचबॅक. फेरारी नाही, स्कायलाइन नाही, टोयोटा ॲक्वा, माझदा डेमिओ नाहीतर होंडा फिट, तिघींपैकी एक घ्या आणि गुमान चालवा. यातली फिट म्हणजे आपल्याकडे जॅझ नावाने मिळायची तीच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी असते ती. बहुतेक पोरं हा टप्पा कसाबसा उरकतात, गेममधले चार पैसे गाठीशी जमले की मागच्या चाकांवर पळणारं काहीतरी दणकट घेतात आणि हॅचबॅककडे पुन्हा ढुंकून बघत नाहीत. मी मात्र तिथेच रमलो. आता गेममध्ये गॅरेज भरलंय, पण रात्री जेवणं उरकून टीव्ही मोकळा झाला की हात जातो तो होंडाच्या सिविक टाइप आर, ईके वर, तीही हॅचबॅकच.

ही ईके म्हणजे चीज आहे. १९९७ च्या ऑगस्टमध्ये जपानात आली, १६०० सीसीचं इंजिन, टर्बो वगैरे काही नाही, तरी १८५ हॉर्सपॉवर, आणि ती पूर्ण पॉवर मिळते ८२०० आरपीएमला, म्हणजे आपली रोजची गाडी ज्या आकड्याला रडायला लागते त्याच्याही बरंच पुढे गेल्यावर. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पहिला ग्रान टुरिस्मोही जपानात आला, तेव्हा गाडी आणि गेम एकाच वर्गातले म्हणायला हरकत नाही. गेममध्ये ती सेकंडहँड गाड्यांच्या दुकानात लागते, १९९८ चं मॉडेल. आणि ती घेऊन जायची जागा एकच, त्सुकुबा. टोकियोच्या उत्तरेला इबाराकी प्रांतात आहे हा ट्रॅक, खराखुरा, १९७० पासूनचा, जेमतेम २ किलोमीटरचा. जपानमधली गॅरेजवाली मंडळी आपापल्या छोट्या गाड्या तिथे नेऊन एका मिनिटाच्या आत लॅप मारायला झटत असतात. लांबलचक सरळ पट्टा नाही, नुसती वळणं, त्यात दोन हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारी वळणं, त्यामुळे मोठ्या इंजिनवाल्यांचा माज तिथे चालत नाही.

तर मुद्द्यावर येतो. ईके फ्रंट व्हील ड्राइव्ह आहे, म्हणजे इंजिनचा जोर जातो पुढच्या चाकांना, आणि फ्रंट व्हील ड्राइव्हची गोची काय आहे, तर सगळी कामं पुढच्याच दोन चाकांवर. लग्नघरात एक काका असतो बघा, आचाऱ्याला सामान काढून देणारा तोच, स्टेशनवरून पाहुणे आणणारा तोच, ऐन मुहूर्ताला अंतरपाट धरायलाही तोच, आणि बाकीचे भाऊबंद मांडवात पंख्याखाली सरबत पितायत. पुढची चाकं म्हणजे तो काका. गाडी ओढायची त्यांनी, वळवायची त्यांनी, ब्रेकचा मोठा वाटा त्यांचाच, आणि वर इंजिन गिअरबॉक्सचं ओझंही त्यांच्याच डोक्यावर, असल्या गाड्यांचं साठ टक्क्यांच्या आसपास वजन पुढेच असतं. टायरची पकड मात्र मोजकीच. ती वळण्यात खर्च केली तर ओढायला उरत नाही आणि ओढण्यात खर्च केली तर वळायला उरत नाही. त्यात गंमत म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की गाडीचं वजन मागे सरकतं, म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच पुढची चाकं हलकी होतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला हे आयतंच मिळतं, आपल्याला उलटं. मग हेअरपिनमधून बाहेर पडताना तुम्ही स्टिअरिंग पूर्ण फिरवून बसलाय आणि गाडी आपली सरळ निघालीये वाळूकडे, यालाच अंडरस्टिअर म्हणतात.

यावर नवखा माणूस पहिला उपाय कुठला करतो तर पॉवर वाढवतो. गेमच्या दुकानात सगळं मांडूनच ठेवलेलं असतं, टर्बो घ्या, कॅमशाफ्ट घ्या, एक्झॉस्ट घ्या, आवाज तर असा येतो की वाटतं बास, आता जिंकलो. आणि होतं काय, ज्या चाकांना आधीच झेपत नव्हतं त्यांच्यावर अजून काम. आतलं चाक जागेवरच गरागरा फिरतं, धूर निघतो, आणि मागून शंभर हॉर्सपॉवरने कमी असलेला कोणीतरी शांतपणे आतून निघून जातो. माझं सरळ मत आहे, पुढच्या चाकांवरच्या गाडीत पहिला पैसा वजन कमी करण्यात घालावा, दुसरा टायरमध्ये, तिसरा सस्पेन्शन आणि डिफरन्शिअलमध्ये (इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकात वाटतो तो भाग), आणि इंजिनचं नंतर बघावं, बघितलं नाही तरी फार बिघडत नाही.

सस्पेन्शनचं पान उघडलं की खरी मजा सुरू होते. तिथे पुढचा अँटी-रोल बार, मागचा अँटी-रोल बार (वळताना गाडीला कलू न देणारा दांडा), स्प्रिंग, तिची उसळी आवरणारा डॅम्पर, कॅम्बर म्हणजे चाकाचा उभा कल, टो म्हणजे वरून बघितलं तर चाकांची तोंडं आत वळलीत की बाहेर, सगळे आकडेच आकडे. माणसाला वाटतं पुढे प्रॉब्लेम आहे तर पुढचंच टाइट करू. पण करायचं असतं उलटं, पुढचं मऊ सोडायचं आणि मागचं कडक करायचं. का, तर वळताना गाडीचं वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं, आणि एकूण किती जाणार हे वेग, वळण, गाडीची उंची आणि रुंदी यावर ठरतं, ते तुमच्या हातात नाही. तुमच्या हातात एवढंच की त्यातलं पुढे किती सोसायचं आणि मागे किती. जी बाजू कडक तिच्या वाट्याला जास्त. आणि टायरची खोड अशी की दोन टायरवर सारखं वजन असलं की ते मिळून जेवढं धरतात तेवढं एकावर सगळं आणि दुसऱ्यावर काहीच नाही असं केल्यावर धरत नाहीत. म्हणजे मागचं कडक केलं की मागची पकड मुद्दाम कमी केली, आणि पुढची दोन्ही चाकं जमिनीला जास्त समान टेकून राहिली, आतलंही. तेच आतलं चाक जे मघाशी गरागरा फिरत होतं. मागचं आतलं चाक तर कधी कधी चक्क हवेत जातं, जुन्या गोल्फ जीटीआयचे रेसमधले फोटो बघा, कुत्र्याने खांबापाशी पाय उचलावा तशी तीन चाकांवर वळत असते, आणि तेच बरोबर असतं.

मी हे असलं सगळं लावून बसलो होतो तेव्हा आतेभाऊ आला होता. त्याचं भोसरीला व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे, त्यामुळे स्क्रीनवरचे आकडे बघितल्यावर त्याच्या हातातला चहा तसाच राहिला.

"हे काय करून ठेवलंयस? मागच्या चाकांना टो-आउट?"

"मुद्दाम दिलाय दादा. शेपूट लवकर फिरते."

"शेपूट फिरते! अशी गाडी मी कस्टमरला दिली ना, तर दुसऱ्या दिवशी तो मला शटर वर करू देणार नाही."

मग त्याने कॅम्बर विचारला, पुढे अडीच डिग्री आत झुकवलेला ऐकून म्हणाला, "टायर आतून खाऊन टाकणार." मी म्हटलं टाइम ट्रायलला, म्हणजे एकट्याने घड्याळाशी लावलेल्या शर्यतीत, टायर झिजतच नाहीत. तो दोन मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, "बरंय तुमचं."

त्याचंही खरंय. त्याच्याकडे येणाऱ्या हॅचबॅक, स्विफ्ट म्हणा, पोलो म्हणा, आय-ट्वेंटी म्हणा, सगळ्यांना मागे टॉर्शन बीम असतो, एक आडवा दांडा आणि त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. त्याचा कॅम्बर आणि टो कंपनीने दिला तोच. मशिनच्या प्रिंटवर मागचा आकडा लाल आला तरी पाना लावायला जागाच नसते, कस्टमरला समजवायचं की साहेब मागचं होत नाही. आमच्या ईकेला मात्र पुढे मागे दोन्हीकडे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वर-खाली अशा दोन वेगळ्या दांड्यांवर, त्यामुळे तिचं मागचं हलवता येतं हे पटण्यासारखं तरी आहे. गेम इतका दिलदार की फिटला महागातलं सस्पेन्शन लावलं की तिच्या बीमवाल्या मागच्या चाकांनाही कॅम्बर देऊ देतो, खऱ्या फिटमध्ये ते कसं करायचं हे विचारायचं नाही. दादाला हे मी सांगितलं नाही, आधीच त्याचा बीपी वाढला होता.

बरं, कागदावर हे सगळं छान वाटतं पण चालवताना आधी भीतीच वाटते. त्सुकुबाचं शेवटचं वळण लांब आहे, उजवीकडे वळतच राहतं, वेगही बराच असतो, आणि तिथे मध्येच ॲक्सिलरेटरवरून बोट थोडं जरी उचललं तरी वजन पुढे येतं, पुढची चाकं एकदम धरतात, मागची आधीच कमजोर केलेली, आणि गाडी नाक आत घालून गर्रकन फिरायला लागते. आपल्या मनाची सवय काय, घाबरलं की सोडून द्यायचं. इथे सोडलं की संपलं. इथे करायचं काय तर उलट दाबायचं, पुढची चाकं गाडीला ओढून सरळ करतात. हे एकदा बोटात बसलं की मग स्टिअरिंग हा एक उपाय आणि ॲक्सिलरेटर हा दुसरा, अर्धा मिलिमीटर सोडलं की नाक आत, अर्धा दाबलं की बाहेर, अख्खं वळण त्या एका बोटावर पार पडतं. पेजो २०५ जीटीआयवाले लोक ज्या सवयीवर जीव टाकायचे आणि जिच्यामुळे कित्येकांच्या गाड्या कुंपणात गेल्या ती हीच.

साठच्या दशकात रॅलीत मिनी, म्हणजे तीही पुढच्याच चाकांवरची छोटी गाडी, चालवणाऱ्या फिनलंडच्या ड्रायव्हरांनी, टिमो मॅकिनेन आणि राउनो आल्टोनेन, अंडरस्टिअरवर वेगळीच युक्ती वापरली होती, उजवा पाय ॲक्सिलरेटरवर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक. पुढची चाकं ओढतायत म्हणून लॉक होत नाहीत, मागची मात्र घसरायला लागतात, गाडी बर्फावर हवी तशी वळते. मिनीने माँटे कार्लो रॅली १९६४, ६५ आणि ६७ ला जिंकली, ६६ ला पण पहिली आली होती पण हेडलाइटच्या नियमावरून बाद केली, त्यावर लोक अजून भांडतात. आणि आपण कंट्रोलरवर काय करतो, डाव्या बोटाला ब्रेक, उजव्या बोटाला ॲक्सिलरेटर. म्हणजे सोफ्यावर लोळत पडलेला प्रत्येक जण जन्मजात फिनिश, फक्त एक दाबताना दुसरं न सोडायचं धाडस पाहिजे.

यावरून असं वाटेल की कंपनीवाल्यांना कळत नाही आणि आम्हाला जास्त कळतं. तसं अजिबात नाहीये. त्यांनी गाडी अंडरस्टिअर करणारी ठेवलेली असते ती समजून उमजून. रस्त्यावर माणूस वळणात घाबरला की पाय उचलणार किंवा ब्रेक मारणार, हे त्यांनी धरूनच ठेवलेलं असतं, आणि तेव्हा गाडी गिरकी घेण्यापेक्षा जरा सरळ गेलेली आणि वेग उतरून परत वळलेली बरी. पावसात ताम्हिणीतून येताना मला माझ्या गाडीचा हाच मठ्ठपणा हवा असतो. मागून टो-आउट दिलेली गाडी त्या घाटात मला कोणी फुकट दिली तरी नको.

बायकोचं म्हणणं वेगळंच आहे. ती म्हणते, "तू गाडी चालवतच नाहीस, नुसता आकडे बघत बसतोस, ऑफिसात एक्सेल आणि घरी पण एक्सेल." यात तथ्य आहे, एक लॅप मिनिटभराचा आणि त्याच्या आधी मेनूत घालवलेला वेळ किती ते विचारू नका. पण एका वेळी एकच आकडा हलवायचा, लॅप मारायचा, आपल्याच आधीच्या लॅपचं भूत पुढे पळतंय ते कुठल्या वळणावर पुढे जातंय ते बघायचं, परत यायचं, हाच तर खेळ आहे. दोन आकडे एकदम हलवणाऱ्याला काहीच कळत नाही, कशाने फरक पडला ते देवालाच ठाऊक.

सध्या माझं घोडं अडलंय डिफरन्शिअलवर. दुसऱ्या हेअरपिनमधून बाहेर पडताना आतलं चाक अजूनही जरा फिरतंय, मागचा बार कडक करून बरंच कमी झालं पण गेलं नाही. एलएसडीची, म्हणजे एकाच चाकाला मोकाट फिरू न देणाऱ्या डिफरन्शिअलची, ॲक्सिलरेशनची सेन्सिटिव्हिटी वाढवली की दोन्ही चाकं जोडीने ओढतात आणि हेअरपिनमधून गाडी सुटते ती झकास, पण मग तीच गाडी शेवटच्या लांब वळणावर नाक बाहेर काढते, कारण दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरू बघतात आणि वळणात बाहेरच्याला जास्त अंतर कापायचं असतं. कमी केली की शेवटचं वळण लोण्यासारखं आणि हेअरपिनला परत धूर. मधला आकडा ठेवला तर दोन्हीकडे थोडं थोडं वाईट. भूत हेअरपिनला मागे पडतं आणि शेवटच्या वळणावर मला गाठतं, रोज. आता डिफला हात न लावता फायनल ड्राइव्ह, म्हणजे गिअरबॉक्सनंतरचा शेवटचा गिअर, थोडा लांब करून बघणार आहे, म्हणजे सेकंड गिअरमध्ये चाकापर्यंत जोरच जरा कमी पोचेल. त्याने सरळ पट्ट्यावर किती जातं ते उद्या रात्री कळेल, मॅच नसली तर.