दारात 65, भिंतीपाशी 82

कोकणातलं शेंगदाण्याचं गोदाम, ऑगस्टचा पहिला पंधरवडा. फ्युमिगेशन, म्हणजे फॉस्फीन या विषारी वायूची धुरी, होऊन तीनच आठवडे झाले होते, तरी भिंतीकडच्या पोत्यांखाली तपकिरी भुकटी परत साचू लागली होती. चिमूटभर भुकटीचा टोकदार ढीग काळ्या कागदावर करून ठेवला. पंधरा मिनिटांत तो आपोआप पसरून सपाट झाला. दहापट भिंगाखाली पांढुरके, केसाळ माइट, म्हणजे कोळ्याच्या जातकुळीतले बारीक जीव, अर्ध्या मिलिमीटरच्या आतले.

दारातला हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली ओल मोजणारा मीटर, सांगत होता 30 अंश, 65 टक्के. आधी त्याच्यावरच शंका घेतली. बाटलीच्या झाकणात मीठ, त्यात चिखल होईल इतपत पाणी, आणि मीटरसकट सगळं रात्रभर हवाबंद डब्यात. आकडा 75 यायला हवा, 74 आला. म्हणजे मीटर ठीक. टांगलाय मात्र भलत्या जागी.

मग तोच मीटर भिंत आणि थप्पीमधल्या फटीत सरकवला : 26 अंश, 82 टक्के. पावसाने भिजलेली भिंत लगतची हवा गार करते. पाणी तेवढंच, पण गार हवेत ते कमी मावतं, म्हणून टक्का चढतो. दाण्यातली ओल मधल्या पोत्यांत 6.8, भिंतीकडे 8.9 टक्के.

हा जीव पाणी हवेतूनच ओढतो. हवेतली ओल साधारण 65 टक्क्यांखाली असली, की अंगातली ओल टिकत नाही आणि अंडी आटतात. 25 ते 30 अंशांना 80 च्या पुढची ओल मिळाली, की दोन-तीन आठवड्यांत अंड्याचा प्रौढ होतो आणि मादी शेकड्यांनी अंडी घालते. फॉस्फीनला अंडी सहसा दाद देत नाहीत. तीन आठवड्यांचा हिशेब तिथेच जुळला.

"एसी बसवू का?" मालकांनी विचारलं.

"नको शेठ. गारव्याने वाढ मंदावते, थांबत नाही. वर दार उघडलं की गार पोत्यांवर दव धरेल. ओल काढा."

थप्पी भिंतीपासून दोन फूट सरकवली, खाली लाकडी पॅलेट घातले. भिंतीकडचे दाणे 40 अंशांच्या आतल्या हवेने वाळवून 7 टक्क्यांखाली आणले. चाळणीखालचा चुरा जाळला. मोडक्या दाण्यांतच बुरशी आणि माइट दोन्ही फोफावतात. झाडूही जाळला, नाहीतर तोच बी पेरत फिरतो.

वाळवलेल्या मालात अंडी उरलीत का, हे भिंगाने कळत नाही. म्हणून नमुने आठ बरण्यांत, पोटॅशियम क्लोराइडच्या ओल्या लगद्यावर जाळी ठेवून भरले. आत सुमारे 85 टक्के ओल राहते. बाराव्या दिवशी सहाव्या बरणीच्या काचेवर माइटची भुकटी चढली. त्या पोत्यांचा लॉट वेगळा काढून पुन्हा ड्रायरवर घेतला.