तपकिरी पान हिरवं होतं तेव्हा

माझं लहानपण रत्नागिरीजवळ गेलं. ओहोटीला खडकांवर उतरलं की आई मागून ओरडायची, "शेवाळावर पाय नको देऊस गो!" शेवाळाशी माझा संबंध तेवढाच. ते धुऊन, चिरून पानात वाढतात हे मी जपानला, सेंदाईत आल्यावर शिकले, शेजारच्या आजींकडून.

इथल्या सानरिकु किनाऱ्यावर थंडी सरता सरता वाकामेची काढणी सुरू होते. समुद्रात दोर सोडून त्यांवर हे शेवाळ वाढवतात. 2011 च्या त्सुनामीत ही दोरांवरची शेती वाहून गेली होती. मच्छीमारांनी ती पुन्हा उभी केली. वाळवलेलं किंवा मिठातलं वाकामे वर्षभर मिळतं, ताजं मात्र एवढेच दिवस. म्हणून मार्चमध्ये मी मासळीच्या दुकानात रोज डोकावते.

ताजं वाकामे दिसायला देखणं नाही. तपकिरी, लांबलचक, ओल्या चामड्यासारखं. भरपूर पाण्यात दोन-तीनदा धुवायचं आणि मधली जाड शीर सुरीने सोडवून बाजूला ठेवायची. मोठ्या पातेल्यात पाणी खळखळलं की पान आत सोडायचं. पाणी लागताच तपकिरी पान हिरवंगार होतं! पाचवं वर्ष आहे माझं, तरी त्या वेळी मी पातेल्यापासून हलत नाही. हिरवा रंग पानात आधीपासून असतोच. फ्यूकोझँथिन नावाचं रंगद्रव्य प्रथिनाशी बांधलेलं असतं, तोवर पान तपकिरी दिसतं. उष्णतेने ती बांधणी सुटते आणि झाकलेलं हरितद्रव्य दिसू लागतं. अर्ध्या मिनिटाच्या आत बाहेर काढून लगेच गार पाण्यात टाकायचं, नाहीतर पान गळतं. मग काकडी, तांदळाचं व्हिनेगर, थोडा सोया सॉस. मीठ घालायची गरज नाही, समुद्राचं असतंच.

तुमच्याकडे वाळवलेलं मिळालं तर दोन माणसांना चमचाभर पुरे. पाण्यात पाच मिनिटांत ते कितीतरी पट फुगतं.

मिसो म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचा खारट लगदा. त्याच्या सूपात वाकामे अगदी शेवटी घालायचं. सूपाचं पाणी मी कोम्बु या दुसऱ्या शेवाळाचं करते, म्हणजे शाकाहारी पाहुण्यांनाही चालतं. लिटरभर पाण्यात दहा ग्रॅम कोम्बु रात्रभर भिजवायचं, सकाळी मंद आचेवर ठेवायचं आणि उकळी फुटायच्या आधी काढून घ्यायचं. त्यावरची पांढरी भुकटी बुरशी नव्हे, ती धुवू नका. कोम्बुत आयोडीन फार असतं, थायरॉइडचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा.

बाजूला ठेवलेल्या शिरांची मी माठाच्या देठांसारखी भाजी करते. मोहरी, हिंग, ठेचलेला लसूण, सुकी मिरची, वरून ओलं खोबरं. देठ कुरकुरीत राहतात, फोडणी छान धरतात. गेल्या आठवड्यात वाटीभर आजींना नेऊन दिली. हिंगाचा वास त्यांना नवा होता. दोनदा वाटी नाकाशी नेली आणि डबीवरचं नाव कागदावर लिहून मागितलं.

दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती भरूनच. आत मेकाबू होतं, म्हणजे वाकामेच्या बुडाचा झालरीसारखा भाग, उकळत्या पाण्यातून काढून बारीक चिरलेला. भेंडीसारखी तार सुटत होती. मी गरम भातावर घेतलं.