क्रिस-क्रॉस ॲपलसॉस

रविवार, रात्री उशिरा

टेबलावर नवऱ्याचे कागद पसरलेले, म्हणून आज खालीच पानं घेतली. धाकटीला म्हटलं, "मांडी घालून बस बघू." ती आली आणि सरळ माझ्या मांडीवर बसली. थोरली खिदळत ओरडली, "क्रिस-क्रॉस ॲपलसॉस!" त्यासरशी ही खाली उतरली, पायांची घडी घातली, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात पायांच्या मधल्या खळग्यात ठेवले. हात ठेवायचीही ओळ आहे त्यांची, 'स्पून्स इन द बोल'. किंडरगार्टनच्या गालिच्यावर गोष्ट ऐकायला बसताना म्हणतात.

सगळे हसले. मीही हसले. पण तेव्हापासून काहीतरी टोचतंय.

इथे अमेरिकेत पूर्वी या बसण्याला 'इंडियन स्टाइल' म्हणायचे. म्हणजे आपण नव्हे, इथले मूळ रहिवासी. त्या लोकांचा त्यात अवमान होतो, म्हणून बऱ्याच शाळांनी ते सोडलं आणि हे यमक आलं. चांगलंच झालं. नाहीतर बाई 'इंडियन स्टाइल' म्हणाल्या की अख्खा वर्ग थोरलीकडे बघत बसला असता.

मग मला टोचतंय काय? शब्द येत नाही, एवढंच असतं तर शिकवला असता. पण धाकटीचं अंग इंग्रजीचं ऐकतं. 'सिट स्टिल' म्हटलं की ती गप्प बसते, 'सिट अप स्ट्रेट' म्हटलं की पाठ सरळ होते. गुडघे पुढे आणि पाय बाहेर फाकवून बसायची, त्या खोडीचं नावही तिकडचंच, 'डब्ल्यू-सिटिंग'. आणि माझं फतकल मारून, उकिडवं, ऐसपैस, अंग चोरून? ते या घरात माझ्याशिवाय कोण बोलणार? हा तर... जाऊ दे.

आईचं "फतकल मारून काय बसलीस!" अजून कानात आहे. त्या ओरडण्यात माया होती, हे तेव्हा कळायचं नाही. माझ्या मुलींना मायेचं ओरडणं कुठल्या भाषेत आठवेल? हे मनात आलं आणि भांडी घासता घासता रडू फुटलं.

आता जरा शांत वाटतंय. मला तरी मांडी घालायला कुणी शब्दांनी शिकवलं होतं? पंगतीत सगळे तसेच बसायचे, म्हणून मीही बसले. शब्द मागाहून आला असणार. धाकटीला पंगत मिळाली नाही, गालिचा मिळाला. पंधरा-वीस पोरं एकदम खाली बसतात, बाई गोष्ट वाचतात. तीही पंगतच की. आणि ते यमक म्हणताना बाईंचा आवाज किती मऊ होतो, ते मी शाळेत स्वतः ऐकलंय.

उद्या गवार मोडायची आहे. दोघींना घेऊन खालीच बसेन. थोरली उकिडवी बसेल, तिला तसंच आवडतं. मी पाय पसरून बसेन, हल्ली गुडघे दुखतात. धाकटीने कसंही बसावं, आणि त्याला काय म्हणायचं ते तिनेच मला सांगावं.