पोलीस असताना विद्यापीठात लैंगिक अत्याचाराविरुद्धची चळवळ कशासाठी?

‘बलात्कार हा गुन्हा आहे आणि त्यासाठी पोलीस व न्यायालये आहेत, मग विद्यापीठात मोर्चे, समित्या आणि मदतगट कशाला?’ विद्यार्थिनींच्या मदतगटात काम करत असल्याने हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो. तुम्हीही विचारलात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तक्रार लिहायला बसण्यापूर्वी एका विद्यार्थिनीने माझ्यापुढे आपले वेळापत्रक उलगडले होते. ज्या तासाला ‘तो’ त्याच वर्गात असणार, त्या प्रत्येक चौकटीत तिने पेन्सिलीने फुली मारली होती. प्रात्यक्षिकाच्या तुकडीत तर दोघांची टेबले समोरासमोर होती. ‘खटल्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल, उद्या दहा वाजता मी कुठे बसू ते सांगा,’ एवढेच ती म्हणाली. याचे उत्तर न्यायाधीशांकडे नव्हते; ते विभागप्रमुखांच्या एका सहीत होते, आणि ती सही मिळायला अकरा दिवस लागले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीने शिफारस केल्यास चौकशी सुरू असतानाच दोघांपैकी एकाला दुसऱ्या वर्गात किंवा विभागात हलवता येते, आणि आरोप असलेल्या व्यक्तीला तक्रारदाराचे पेपर तपासण्यापासून रोखता येते. मार्गदर्शकाविरुद्ध तक्रार करणाऱ्या संशोधक विद्यार्थिनीसाठी या दुसऱ्या तरतुदीचे मोल किती आहे, हे वेगळे सांगायला नको. चौकशीला नव्वद दिवसांची मुदत आहे, आणि प्रकरण विद्यार्थ्यांशी संबंधित असेल तर समितीत निवडून आलेले तीन विद्यार्थी असावे लागतात. आरोपीचे म्हणणे नीट ऐकून घेतलेच पाहिजे, असे मी मनापासून मानते. घाईने काढलेला निष्कर्ष अपिलात टिकत नाही आणि त्याची झळ पुन्हा तक्रारदारालाच बसते.

शिवाय न्यायालयांना याबाबतीत विद्यापीठांनी काही शिकवलेही आहे. मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दोन पोलिसांना निर्दोष सोडले, कारण मुलीच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने प्रतिकार केल्याचे न्यायालयाला दिसले नाही. त्यावर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले आणि निमूट शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, हे ठणकावून सांगितले. त्यातून देशभर आंदोलन उभे राहिले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. अमेरिकेतील अँटिऑक महाविद्यालयात १९९१ मध्ये विद्यार्थिनींनी प्रत्येक टप्प्यावर शब्दांत संमती विचारण्याचा नियम करून घेतला, तेव्हा त्यांची टिंगल झाली. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियाने महाविद्यालयांसाठी स्पष्ट होकाराचा कायदाच केला.

सही मिळेपर्यंतच्या त्या अकरा दिवसांत त्या विद्यार्थिनीची चार प्रात्यक्षिके बुडाली. तुकडी बदलण्याचा अर्ज दोन दिवसांत निकाली निघावा आणि मधल्या काळातील गैरहजेरी धरली जाऊ नये, ही आमची सध्याची मागणी आहे. दोन विभागांनी ती लेखी मान्य केली आहे, बाकीच्यांकडे आम्ही दर सोमवारी जातो.