मिन्यो नदीच्या पैलतीरी

आळंदी ते पंढरपूर ही वारी मी दोनदा केली असल्याने, पोर्तुगालमधील पोर्तोच्या कॅथेड्रलमध्ये यात्रेकरूच्या पुस्तिकेवर पहिला शिक्का उमटला तेव्हा मनात हाच प्रश्न आला, की टाळ-मृदंग नाही, दिंडी नाही, मग स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला या संत याकोबांच्या समाधिस्थानापर्यंतची सुमारे २८० किलोमीटरची वाट पाय कशाच्या आधाराने चालतील? तो आधार अटलांटिक महासागराने दिला. पोर्तो मागे पडल्यावर वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी फळ्यांची वाट मैलोन्‌मैल जाते. डाव्या हाताला अखंड गाज असते आणि चौथ्या दिवसापर्यंत माझे नामस्मरण तिच्याच लयीत होऊ लागले होते.

कामिन्या या गावी पोर्तुगाल संपतो. समोर मिन्यो नदीचे रुंद मुख आणि पलीकडे स्पेनचा सान्ता त्रेगा डोंगर, ज्याच्या अंगावर दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीतील दगडी गोल घरांचे अवशेष आहेत. मोटारीच्या लहान होडीत आम्ही सहा यात्रेकरू दाटीवाटीने बसलो. पाण्याच्या मध्यावर देश बदलला. पारपत्र कोणी मागितले नाही, कारण या दोन देशांमधील सीमेवरची तपासणी शेंगेन करारानुसार १९९५ मध्येच थांबली. घड्याळ मात्र एक तास पुढे करावे लागले. अलीकडच्या काठावर एका आजींनी ‘बों कामिन्यू’ (वाट शुभ होवो) म्हणून निरोप दिला होता, पलीकडे उतरताच एका कोळ्याने त्याच अर्थाच्या ‘ब्वेन कामिनो’ने स्वागत केले. वारीत अनोळखी माणूसही ‘माउली’ म्हणतो, तेव्हा मनाला जो विसावा मिळतो, तोच मला त्या दोन्ही काठांवर मिळाला, आणि ही गोष्ट मी आजही सद्गदित झाल्याशिवाय सांगू शकत नाही.

पुढे ओइयाचा समुद्राकडे तोंड करून उभा असलेला जुना मठ लागला, नंतर बायोना, जिथे १४९३ च्या मार्चमध्ये कोलंबसच्या ताफ्यातील ‘पिंता’ जहाज परतले होते. विगो ओलांडल्यावर रेदोन्देला येथे किनाऱ्याची वाट आतून येणाऱ्या वाटेला मिळते. गाज बंद झाली आणि दोन दिवस मला चालणे जड गेले.

ती उणीव पादरोनमध्ये भरून निघाली. संत याकोबांचे पार्थिव होडीतून आले आणि ती होडी जिला बांधली असे भाविक मानतात, ती शिळा तेथील चर्चमध्ये वेदीखाली ठेवलेली आहे. मी वाकून ती पाहिली, तेव्हा मिन्योतल्या होडीचे हेलकावे पुन्हा अंगात जाणवले आणि आपण ज्यांच्या दर्शनाला निघालो ते स्वतःही पाण्याच्याच वाटेने इथे आले, या जाणिवेने हात आपोआप जोडले गेले. बऱ्याच वेळाने बाहेर आलो, पुस्तिकेवर त्या दिवसाचा दुसरा शिक्का घेतला आणि दुसऱ्या दिवशीच्या, सान्तियागोपर्यंतच्या अखेरच्या मजलेसाठी पायांना तेल लावून लवकर झोपलो.